दिनविशेष : २४ डिसेंबर
१९६९ : अमेरिकी बेसबॉलपटू कर्ट फ्लड यांनी बेसबॉल आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहून बंडाचे निशाण फडकावले. सलग सात वर्षे ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्कार पटकावणाऱ्या या क्षेत्ररक्षकाला सेंट लुईस कार्डिनल्स या संघाने परस्पर फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकले होते. करार संपला तरी खेळाडू मालकाच्याच ताब्यात, असा तेव्हाचा नियम. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असे या कृष्णवर्णीय खेळाडूने ठणकावले आणि सुमारे एक लाख डॉलरच्या वार्षिक मानधनावर पाणी सोडले. पुढे त्यांनी न्यायालयात धाव घेतली; माजी बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली. तरीही १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते ५-३ असे हरले. तोवर कारकीर्दही संपली होती. लवादाच्या निर्णयाने खेळाडूंना संघ निवडण्याची मोकळीक मिळाली ती १९७५ मध्ये.