आंबेडकरांची राज्यपुनर्रचनेची योजना आणि पवनी

पवनी (जि. भंडारा) : वैनगंगेकाठचे हे प्राचीन नगर बौद्ध स्तूपांच्या अवशेषांसाठी प्रसिद्ध आहे. राज्यरचनेच्या राष्ट्रीय वादातही त्याच्या जिल्ह्याला स्थान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ ची लोकसभा पोटनिवडणूक भंडाऱ्यातून लढवली आणि काँग्रेस उमेदवाराकडून ते पराभूत झाले. देशाची पुढची दिशा सांगणारा माणूस येथे हरला, ही सल अनेकांच्या मनात आजही आहे. तेव्हा हा जिल्हा मध्य प्रदेशात होता.

पुढच्याच वर्षी भाषावार राज्यांवरील आपल्या इंग्रजी पुस्तकात त्यांनी देशाच्या पुनर्रचनेची योजना मांडली. एका राज्याची भाषा एकच असावी, पण एका भाषेची राज्ये अनेक असू शकतात, हे तिचे मूळ सूत्र. अवाढव्य राज्यांत अल्पसंख्याकांवर बहुसंख्य जातींचे वर्चस्व वाढेल, ही त्यांची भीती रास्त होती. उत्तर प्रदेशाचे तीन, बिहारचे दोन भाग त्यांनी सुचवले. मराठी मुलुखाचे मुंबई शहर, पश्चिम, मध्य व पूर्व महाराष्ट्र असे चार भाग कल्पिले. भंडारा पूर्व भागात येई. हैदराबाद दुसरी राजधानी करावी, असेही त्यांनी सुचवले.

१९५६ मध्ये भंडारा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. बिहार, मध्य प्रदेश व उत्तर प्रदेशाचे विभाजन २००० मध्ये झाले. भंडारा ज्यात येतो त्या विदर्भाच्या वेगळ्या राज्याचा प्रश्न मात्र अनिर्णित आहे.