कुसूरचा घाट आणि खानाची गोष्ट

फेब्रुवारीत कुसूरला गेलो होतो. कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुक, मग ठोकरवाडी धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने कुसूर गाव, आणि तिथून पायी घाट उतरून खाली भिवपुरी. सोबत पुण्याची दहा-बारा तरुण मुले होती. सगळ्यांत वयाने मोठा मीच, म्हणून पहिल्या चहालाच मी सगळ्यांचा ‘चाचा’ झालो.

ज्यांनी हा मुलूख फक्त पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांना फेब्रुवारीतला आंदर मावळ ओळखू येणार नाही. गवत करपलेले, ओढे आटलेले, पानगळीने जंगल विरळ झालेले. वारा पडला की दगडांची धग तोंडावर येते. एका वळणावर एक मुलगा म्हणाला, “चाचा, अशाच जंगलात आपण खानाला गाठला होता.” लगेच त्याची जीभ अडखळली आणि त्याने माझ्याकडे पाहिले. त्या ‘आपण’मध्ये मी येतो की नाही, असा प्रश्न त्याला पडला असावा. मी म्हणालो, “गाठला होता, पण इथे नाही. लोणावळ्याच्या पलीकडे, कुरवंड्याचा घाट उतरल्यावर.” सगळे हसले आणि आम्ही पुढे निघालो.

पण ती नजर काही डोक्यातून गेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गोष्ट उंबरखिंडीची. साल १६६१, महिना फेब्रुवारीच. शाइस्ताखान पुण्यात तळ देऊन बसला होता आणि कोकण घेण्यासाठी त्याने कारतलबखान या उझबेक सरदाराला पाठवले. मोठी फौज कुरवंडे घाटाने उतरली. वाट इतकी अरुंद की माणसामागे माणूस, घोड्यामागे घोडा. खाली दाट रान, वारा नाही, पाणी नाही. पुढे आणि मागे दोन्ही तोंडांना शिवरायांचे लोक. खानाला खंडणी आणि सामान देऊन जीव वाचवावा लागला. शरण जाण्याचा सल्ला त्याला दिला तो रायबागन या माहूरच्या देशमुखिणीने. ती मोगलांच्या बाजूने लढणारी होती. परमानंदाच्या ‘शिवभारता’त त्या फौजेतल्या सरदारांची नावे आहेत. त्यांत गाढे आहेत, कोकाटे आहेत, जाधव आहेत. खान एक आणि त्याच्या भोवती इतके मराठे!

आता दुसरी बाजू पाहा. ‘सभासदाच्या बखरी’त शिवरायांच्या पायदळाचा सरनोबत म्हणून नूरबेगाचे नाव येते. उंबरखिंडीच्या आदल्याच वर्षी, पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेताजी पालकरासोबत सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह गेले होते. मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. आणि खुद्द नेताजी पुढे मोगलांच्या कैदेत मुसलमान झाला, महंमद कुलीखान म्हणवला, आणि १६७६ मध्ये परत आला. म्हणजे आपल्या सरनोबतांपैकीही एक काही वर्षे ‘खान’च होता. उंबरखिंडीत हार झाली ती घाट न ओळखणाऱ्याची. वाटेने कुणाला जात विचारली नाही, उतार किती आणि पाणी कुठे एवढाच हिशेब ठेवला.

पण घाटांची गोष्ट लढायांपुरतीच सांगितली तर तीही अपुरी राहते. लढाई वर्षातून एखादी. बाकी सगळे दिवस या वाटांवर मीठ वर चढत होते, धान्य खाली उतरत होते, आणि बैलांच्या पाठीवर गोण्या होत्या. घाटमाथ्यावरच्या कार्ल्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांत यवनांची नावे कोरलेली आहेत. परका माणूस या डोंगरात नवा नाही.

घोडेही याच डोंगरांनी वर आले. अरबस्तान आणि इराणचे घोडे चौल, दाभोळसारख्या बंदरांत उतरत आणि घाट चढून देशावर जात. १४७० च्या आसपास अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पालीमार्गे बहामनी राज्यातल्या जुन्नरला पोहोचला. इकडे घोड्यांना हरभरे चारतात, साखर-तेल घातलेली खिचडी खाऊ घालतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. (कुसूरच्या वाटेवर आमच्या डब्यात नुसती चटणी-भाकरी होती!) जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान हो, नाहीतर घोडाही जाईल आणि वर हजार मोहरा दंड, अशी चार दिवसांची मुदत दिली. मुदत संपत आली तेव्हा खोजा महंमद हा खुरासानी माणूस मध्ये पडला. त्याने रदबदली केली, घोडा परत मिळवून दिला आणि निकितीनचा धर्मही वाचवला. असदखान आमचा म्हणायचा तर खोजा महंमदही आमचाच म्हणावा लागेल. एकाला लपवून दुसऱ्याला मिरवणे मला जमत नाही.

कुसूरचा घाट बराचसा दगडांनी बांधलेला आहे. शेकडो वर्षांच्या पावसाने फरश्या निखळल्या आहेत, तरी काही ठिकाणी लादनीच्या बैलाला पाय ठेवता येईल अशी चढण अजून शाबूत आहे. ही वाट ओस पडली ती कुठल्या लढाईने नव्हे. शेजारच्या बोर घाटात १८०४ मध्ये वेलस्लीने तोफांसाठी रस्ता केला, १८३० मध्ये माल्कमने गाड्यांचा रस्ता खुला केला आणि १८६३ मध्ये रेल्वे वर चढली. मग मिठाची गोणी बैलावर लादून इकडून कशाला कोण आणेल? १९२२ मध्ये टाटांचे ठोकरवाडी धरण झाले आणि आंद्रा खोऱ्यातली शेते पाण्याखाली गेली. आता घाटाशेजारून पाणी पाइपातून भिवपुरीच्या वीजघरात उतरते आणि वीज मुंबईला जाते. वर राहणाऱ्या माणसांना मात्र दवाखान्यासाठी वाहनाची वाट पाहत फाट्यावर उभे राहावे लागते.

घाटवाटेवर एक दगडी तळे आहे. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वाटसरूंसाठी ते बांधले असे सांगतात. १७६१ साली त्या पानिपतावर होत्या. भाऊ परतले नाहीत, आणि पार्वतीबाईंनी ते गेले हे मरेपर्यंत मानले नाही. त्याच रणात भाऊंच्या बाजूने इब्राहिमखान गारदी लढला. कैद होऊन तो मारला गेला, पण त्याने बाजू बदलली नाही. वाटसरूला पाणी देण्याला आमच्याकडे सबील म्हणतात. पाणी पिणारा कोण हे विचारायचे नाही, एवढाच तिचा नियम.

मी हे सगळे त्या मुलांना सांगितले. ‘आपण’वर अडखळलेला मुलगा शांत ऐकत होता. मग माझी रिकामी बाटली घेऊन उठला. म्हणाला, “चाचा, अजून बराच उतार आहे. आपल्याला पाणी पुरेल ना?”

“पुरेल,” मी म्हणालो, आणि आम्ही खाली उतरायला लागलो.