बोरी, तेरणा आणि सीनेकाठची गावं

माझा जिल्हा आजवर तीन नावांनी ओळखला गेला. निजामाच्या राजवटीत आधी तो नळदुर्ग जिल्हा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उस्मानाबाद झाला आणि २०२३ साली धाराशिव. नावावर बोलणारे पुष्कळ भेटतात, पण जिल्ह्यातली गावं हिंडून पाहणारे थोडे. तुळजाभवानीच्या दर्शनाला लाखो माणसं येतात आणि आल्या वाटेनं परत जातात. गेल्या पावसाळ्यात नळदुर्ग, तेर आणि परंडा ही तीन गावं मी बऱ्याच वर्षांनी पुन्हा पाहिली. त्यांच्याविषयी आज थोडं सांगायचं आहे.

सोलापूरहून हैदराबादकडे निघालं की तासाभरात नळदुर्ग लागतं. बोरी नदीच्या वळणावर, काळ्या खडकावर हा किल्ला उभा आहे. नळ राजाची कथा त्याला चिकटलेली आहे. पुढं चालुक्य, बहमनी, आदिलशाही, मोगल आणि निजाम अशी मालकी बदलत गेली. पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे इथला पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकारानं बोरी नदीवर दगडी बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच महाल बांधला. बंधाऱ्यामुळे किल्ल्याला पाणी मिळालं आणि मुख्य किल्ला पलीकडच्या रणमंडळाशी जोडला गेला. नदी भरून आली की दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. खिडकीसमोरून पाण्याचा पडदा खाली जातो आणि आत उभ्या माणसाचा सदरा कोरडाच राहतो. चारशे वर्षं हा बंधारा पूर अंगावर घेतो आहे.

हा इब्राहिम मोठा रसिक होता. त्यानं ‘किताब-ए-नौरस’ हा गीतसंग्रह दख्खनीत रचला आणि त्यात सरस्वतीला आणि गणपतीला वंदन केलं. असं वंदन केलं म्हणून त्याचं राज्य गेलं नाही आणि त्याचा धर्मही बुडाला नाही.

१८५३ च्या तहानं हा मुलूख काही वर्षांसाठी इंग्रजांकडे गेला. त्या वेळी कर्नल मेडोज टेलर इथं कारभारी म्हणून आला. ठगांवरच्या त्याच्या १८३९ सालच्या कादंबरीमुळे त्याचं नाव पुष्कळांना ठाऊक आहे. तो किल्ल्यातच राहिला. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर त्यानं ‘तारा’ ही कादंबरीही लिहिली. १८६० साली मुलूख पुन्हा निजामाकडे गेला.

नळदुर्गच्या शेजारी अणदूर आहे. या दोन गावांचा खंडोबा एकच. सव्वादहा महिने देव अणदूरला असतो, पावणेदोन महिने नळदुर्गला. देव हलवताना दोन्हीकडचे मानकरी लेखी करार करतात. एका देवावरून दोन गावं भांडत बसली असती, तर दोघांचाही उत्सव बुडाला असता. त्यापेक्षा कागद करावा, तारीख ठरवावी आणि पालखीला सगळ्यांनी खांदा द्यावा, असा शहाणपणा कुणीतरी दाखवला आणि तो पिढ्यानपिढ्या पाळला गेला. इतिहासाच्या पुस्तकांत अशा करारांना जागा मिळत नाही, लढायांना मिळते.

लढाई इथंही झाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून निघाल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी नळदुर्ग घेतलं. हैदराबाद संस्थान चार-पाच दिवसांत भारतात आलं. ते यायलाच हवं होतं. त्याआधी रझाकारांनी या भागातल्या गावांवर जे अत्याचार केले, ते विसरता येणार नाहीत. आणि त्यानंतर जे झालं तेही सांगायला हवं. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मुसलमानांवरच्या हल्ल्यांची पाहणी केली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबादचं नाव लिहिलं. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. आमची दादी काळ मोजायची तो ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी’ आणि ‘नंतर’ असा. त्यापुढं ती बोलत नसे, दळण निवडत बसायची. एकाचं दुःख सांगताना दुसऱ्याचं झाकायचं नाही, एवढं पथ्य आपण पाळलं तर या गावांचा इतिहास नीट सांगता येईल.

तेर हे तेरणाकाठचं गाव आज लहान आहे. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव ‘तगर’ म्हणून येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची ही मोठी पेठ होती. इथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून समुद्रापार. तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या अभ्यासकानं १९०१ च्या सुमारास मांडलं. गावातलं त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर मागच्या बाजूला गोलाकार आहे. ते मुळात बौद्ध चैत्य असावं, असं जाणकार मानतात. रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी शेतात, पांढरीत सापडलेल्या हजारो वस्तू जन्मभर जमवल्या. त्यातूनच इथलं वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. तिथल्या हस्तिदंती बाहुलीची बहीण शोभेल अशी एक मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईला सापडली आहे.

याच गावात संत गोरोबाकाका झाले. थापटणं हातात घेऊन त्यांनी संतांची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ती कथा तेरचीच. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या मूर्ती आणि खापरं संग्रहालयात पाहिली, की या गावात कुंभारच संत का झाला, हे निराळं समजावून सांगावं लागत नाही.

परंडा बार्शीच्या पलीकडे. सपाट जमिनीवरचा, खंदकानं वेढलेला हा भुईकोट महमूद गवाननं बांधला, असं मानतात. १६०० साली अहमदनगर मोगलांनी घेतलं, तेव्हा मलिक अंबरनं निजामशाहीची गादी इथं मांडली. विजापूरची प्रसिद्ध ‘मुलुख-मैदान’ तोफ आधी परंड्यात होती. १५४९ साली महंमद बिन हसन रूमीनं ती ओतली आणि १६३२ साली मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली. सुमारे ५५ टनांचं ते धूड, त्या काळच्या रस्त्यांवरून! याच परंड्यात हंसराजस्वामींचा मठ आहे आणि ख्वाजा बद्रुद्दीन यांचा दर्गाही. जवळच सीनेकाठी डोमगावला कल्याणस्वामींच्या मठात त्यांच्या हातची दासबोधाची प्रत जपलेली आहे.

मी मराठीत कविता लिहितो म्हटल्यावर काही लोकांना अजून नवल वाटतं. ही गावं पाहिलेल्या माणसाला ते वाटू नये. तुळजापूरला याल तेव्हा एक दिवस जास्त काढा. श्रावणात पाऊस चांगला झाला असेल तर नळदुर्गचा नर-मादी पाहा, तेरला संग्रहालयात अर्धा दिवस घालवा, परंड्याच्या बुरुजांवरून एक फेरी मारा. मुलांना बरोबर आणा. भिंतींवर नावं मात्र कोरू देऊ नका. बांधणाऱ्यांनी स्वतःची नावं फारशी मागं ठेवलेली नाहीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)