पर्युषणाची तिथी : चतुर्थी की पंचमी?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला महाराष्ट्रात घरोघरी गणपती बसतो. श्वेतांबर मूर्तिपूजक जैनांची संवत्सरी, म्हणजे आठ दिवसांच्या पर्युषणाचा अखेरचा दिवस, त्याच तिथीला येते. स्थानकवासी आणि तेरापंथी ती सामान्यतः पंचमीला पाळतात. दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला पूर्ण होते. वर्षभरातील वैर विसरून परस्परांची क्षमा मागण्याचा हा सण, पण त्याच्या तिथीवर मात्र एकमत नाही. हा विरोधाभास वरवरचा समजून सोडून देण्याची रीत आहे. आमच्या मते पर्युषणाचा अर्थ शोधण्याची वाट मात्र याच मतभेदातून जाते.

'पर्युषण' हे 'पज्जोसवणा' या प्राकृत शब्दाचे संस्कृत रूप. त्याचा मूळ अर्थ एके ठिकाणी राहणे. पावसाळ्यात वाटा अंकुरांनी आणि कीटकांनी भरून जातात, चालणाऱ्याच्या पायाखाली जीव मरतात. म्हणून साधूंनी चार महिने मुक्काम करावा. परंपरेने भद्रबाहूंच्या नावे असलेल्या कल्पसूत्राचा 'सामाचारी' हा तिसरा भाग या मुक्कामाचे नियम सांगतो. पावसाळ्याचा एक महिना आणि वीस दिवस उलटल्यावर महावीरांनी वर्षावास निश्चित केला, असे तेथे म्हटले आहे. त्याचे दिलेले कारण विलक्षण घरगुती आहे. तोवर गृहस्थांनी आपली घरे स्वतःसाठी शाकारलेली, सारवलेली असतात, पाण्याला वाट काढून दिलेली असते. साधूंसाठी म्हणून कोणाला वेगळा खटाटोप करावा लागत नाही, आणि त्यातली हिंसाही टळते. आषाढी पौर्णिमेपासून हे ५० दिवस मोजले की भाद्रपद शुद्ध पंचमी येते. नियमाला एक पुस्ती आहे : या रात्रीच्या आधी पर्युषण केले तर चालेल, ही रात्र ओलांडता येणार नाही.

या पुस्तीवरच पुढची कथा उभी आहे, आणि ती घडते आपल्या पैठणात. साधारण सातव्या शतकातील निशीथचूर्णीत ती येते. आचार्य कालक उज्जयिनीहून प्रतिष्ठानला आले. सातवाहन राजाने त्यांचे स्वागत केले, पण त्याच्यापुढे एक अडचण होती. पंचमीला नगरात इंद्रमहोत्सव असे आणि प्रजेबरोबर राजाला त्यात असावेच लागे. पर्युषण षष्ठीला करावे, अशी त्याने विनंती केली. आचार्यांनी नकार दिला, कारण पंचमीची रात्र ओलांडता येत नव्हती. मग चतुर्थीला? ते त्यांनी मान्य केले.

ही कथा लिहिली गेली ती सातवाहनांचे राज्य लयाला गेल्यानंतर काही शतकांनी. कालक नावाचे आचार्यही एकाहून अधिक मानले जातात. त्यामुळे हा प्रसंग जसाच्या तसा इतिहास म्हणून स्वीकारता येणार नाही. परंतु परंपरेने आपल्या आचारातील बदल कसा समजून घेतला, याचा तो अस्सल पुरावा आहे. शेजाऱ्याच्या उत्सवासाठी एक दिवस मागे येता येते, हे या कथेने नोंदवून ठेवले; आणि सवलतीला कोठे सीमा असते, तेही.

या मुक्कामाशी क्षमेचा संबंध काय, असा प्रश्न येथे पडेल. चार महिने एका छपराखाली राहायचे तर भांडणे होणारच. सामाचारीत त्यासाठीही नियम आहे : जुना कलह पर्युषणापलीकडे नेऊ नये, धाकट्याने थोरल्याची क्षमा मागावी आणि थोरल्यानेही धाकट्याची. यातला दुसरा अर्धा भाग आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. आज 'मिच्छा मि दुक्कडं', म्हणजे माझे दुष्कृत्य निष्फळ होवो, असे घरोघरी म्हटले जाते. त्याच्या मुळाशी सहवासाचा हा साधा व्यवहार आहे.

साधूंचा हा नियम लोकांचा सण झाला तो ग्रंथश्रवणामुळे. आनंदपूर म्हणजे आजच्या वडनगर येथे, पुत्रशोकात बुडालेल्या ध्रुवसेन राजाच्या सांत्वनासाठी कल्पसूत्राचे पहिले जाहीर वाचन झाले, अशी परंपरा आहे. पुढे पश्चिम भारतातील व्यापाऱ्यांनी या ग्रंथाच्या सचित्र प्रती करवून घेतल्या. १४ व्या ते १६ व्या शतकांतील अशा अनेक पोथ्यांत कल्पसूत्राला जोडूनच कालकाचार्यकथा येते. नियम आणि त्याला दिलेली मुरड एकाच पोथीत बांधलेली असावीत, याहून बोलके भाष्य आम्हांला सापडत नाही.

२०१५ मध्ये मुंबईत पर्युषणकाळातील मांसविक्रीबंदीवरून वाद झाला आणि तो उच्च न्यायालयात गेला. पैठणची कथा अशा वादांचा निवाडा देत नाही. सण कोणाचा मोठा, हा प्रश्न मात्र तिच्यात कोणीच विचारत नाही. राजा आपल्या प्रजेच्या उत्सवाची अडचण सांगतो, आचार्य आपल्या नियमाची सीमा सांगतात, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक मोकळा दिवस सापडतो. तो दिवस चतुर्थीचा. ज्यांनी तो स्वीकारला नाही ते पंचमीलाच राहिले, आणि क्षमा दोघेही मागतात.