जगातली सगळ्यात उंच रेल्वे बर्फावर उभी आहे, आणि तो वितळून चालणार नाही

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. त्याच्या तिपटीहून जास्त उंचीवरून रोज प्रवासी गाड्या धावतात, असं सांगितलं तर? ठिकाण आहे तांगुला खिंड, उंची ५,०७२ मीटर. चीनमधल्या शिनिंगहून तिबेटमधल्या ल्हासाला जाणारी १,९५६ किलोमीटरची रेल्वे ही खिंड ओलांडते. शिनिंग ते गोलमुड हा टप्पा १९८४ मध्येच सुरू झाला होता. पुढच्या १,१४२ किलोमीटरला मात्र २००६ उजाडलं.

या गाडीचा विषय निघाला की सगळे ऑक्सिजनबद्दल बोलतात. खिंडीत तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच मिळतो. म्हणून गोलमुडनंतर डब्यांत जादा ऑक्सिजन सोडतात, शिवाय नाकाला नळी लावायची सोयही असते. (डब्यात विमानासारखा हवेचा दाब वाढवतात, असं बरेच जण सांगतात. तसं काही नसतं, वाढवतात तो फक्त ऑक्सिजन.) विरळ हवेत डिझेल इंजिनालाही धाप लागते, त्यामुळे जनरल इलेक्ट्रिककडून खास इंजिनं बनवून घेतली गेली.

पण खरी डोकेदुखी रुळाखाली आहे. सुमारे ५५० किलोमीटरचा पट्टा कायम गोठलेल्या जमिनीवरून जातो. मातीतला बर्फ घट्ट आहे तोवर जमीन दगडासारखी. तो वितळला की चिखल, आणि रूळ खचलाच म्हणून समजा.

मग केलं काय? काही ठिकाणी सरळ पूल बांधले. चिंगशुईहेचा पूल तर ११.७ किलोमीटरचा आहे, आणि तो नदीपेक्षा या जमिनीसाठीच जास्त आहे. काही भागांत भरावात मोठे दगड टाकले, म्हणजे फटींतून थंड हवा खेळती राहते. आणि रुळाच्या कडेने उभ्या पोलादी नळ्या रोवल्या, आत अमोनिया भरून. हिवाळ्यात बाहेरची हवा जमिनीपेक्षा गार असते. तेव्हा खालचा अमोनिया जमिनीची उष्णता घेऊन वाफ होतो, वर जाऊन थंड होतो आणि थेंब होऊन परत खाली येतो. ना वीज, ना पंप. उन्हाळ्यात वरचं टोक तापलं की हे चक्र आपोआप थांबतं, म्हणजे बाहेरची उष्णता खाली पोहोचत नाही.

अडचण एवढीच, की तिबेटचं पठारच तापत चाललंय. उन्हाळ्यात वितळणारा वरचा थर जाड होतोय. गोठलेल्या पट्ट्यात गाडीचा कमाल वेग ताशी १०० किलोमीटर, गोलमुड ते ल्हासा टप्प्यात इतरत्र १२०. जमिनीखालचं तापमान सतत मोजलं जातं, आणि काही ठिकाणी नळ्या नंतर वाढवाव्याही लागल्या आहेत.