गिटार विवर्धक, जुने

विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांपासून मिळणारा क्षीण विद्युत् संकेत वाढवून ध्वनिक्षेपकास पुरविणारे, इलेक्ट्रॉन नलिका वापरून बनविलेले साधन. सामान्यतः १९३० ते १९७५ या काळातील अशा विवर्धकांना वादक व संग्राहक यांच्या दृष्टीने विशेष मोल आहे. ध्वनिमुद्रिका ऐकविणाऱ्या विवर्धकाने मूळ ध्वनीत काहीही भर घालू नये, अशी अपेक्षा असते. गिटार विवर्धकाचे तसे नाही. त्याने घातलेली भर हाच वादनाचा भाग असतो. म्हणून तो वाद्याचे उपकरण नसून वाद्याचाच अर्धा भाग मानला जातो.

कार्य : गिटारमधील चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात तारेच्या कंपनामुळे अल्प विद्युत् दाब निर्माण होतो. नलिकेच्या जाळीवर तो दिला असता नलिकेतून वाहणारा मोठा प्रवाह त्याबरहुकूम कमीजास्त होतो. हा प्रवाह निर्गम रोहित्रातून ध्वनिक्षेपकाकडे जातो. संकेत मर्यादेबाहेर वाढल्यास नलिका त्याची शिखरे एकदम न छाटता क्रमाक्रमाने दडपते आणि मूळ स्वराबरोबर नवे स्वयंभू स्वर उमटतात. तांत्रिक भाषेत हे विरूपण होय. वादकाला मात्र त्यामुळे स्वराला भरीवपणा व दीर्घता लाभल्याचे जाणवते. तार हलकेच छेडली तर स्वर स्वच्छ राहतो, जोराने छेडली तर तो खरखरीत होतो. बोटांना मिळणारा हा प्रतिसाद हे जुन्या विवर्धकाच्या रसग्रहणाचे मुख्य गमक आहे.

इतिहास : जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये द्विप्रस्थ व ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये त्रिप्रस्थ नलिका तयार केली. अमेरिकेत १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हवाईयन पद्धतीच्या विद्युत् गिटारबरोबर लहान विवर्धक विकले जाऊ लागले. कॅलिफोर्नियात लीओ फेंडर यांनी १९५२ मध्ये मंद्र गिटारसाठी ‘बासमन’ हा विवर्धक बाजारात आणला. त्याच्या उत्तरकालीन नमुन्यावरून लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२ च्या सुमारास नवा विवर्धक तयार झाला आणि रॉक संगीताचा ध्वनी पालटला. इंग्लंडमधीलच ‘व्हॉक्स एसी ३०’ हा बीटल्स वादकवृंदामुळे प्रसिद्धीस आला. ट्रँझिस्टरचा शोध १९४७ चा. पुढे स्वस्त व हलके ट्रँझिस्टर विवर्धक आल्यावर नलिका मागे पडल्या. अलेक्झांडर डंबल (१९४४–२०२२) यांनी हाताने बनविलेले विवर्धक मात्र मोजकेच असून त्यांची किंमत एक लाख डॉलरच्या पुढे गेली आहे.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईच्या चित्रपटसंगीतात हजारा सिंग व व्हॅन शिपली यांनी विद्युत् गिटारला स्थान मिळवून दिले. हरे रामा हरे कृष्णा (१९७१) या चित्रपटातील भूपिंदर सिंग यांचे गिटारवादन गाजले. आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी विवर्धक थोडेच आले. पुष्कळ वादकांना स्थानिक कारागिरांनी जुळविलेल्या संचांवर भागवावे लागले. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी उद्योगाने (स्था. १९५४) बनविलेल्या नलिका आज जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत.

विवर्धकातून निघणाऱ्या ध्वनीची ऊर्जा तारेची नसते, ती वीजपुरवठ्यातून येते. तार केवळ तिचे नियंत्रण करते. या दृष्टीने मुंबईच्या विद्युत् संगीताचा घाटपायथ्याशी जवळचा संबंध आहे. खालापूर तालुक्यातील खोपोली (१९१५) व कर्जत तालुक्यातील भिवपुरी (१९२२) ही टाटांची जलविद्युत् केंद्रे पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड, जिल्ह्यात आहेत. लोणावळा व आंध्रा खोऱ्यातील पाणी घाटाखाली आणून निर्माण केलेल्या विजेवर मुंबईच्या पुरवठ्याचा मोठा भाग अनेक वर्षे अवलंबून होता.

जतन : आता याच दोन तालुक्यांत अनेक मुंबईकरांची दुसरी घरे आहेत. जुना विवर्धक अशा घरी ठेवणाऱ्यास प्रथम पावसाळ्याचा विचार करावा लागतो. घाटालगतच्या दमट हवेत ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू मऊ पडतो, पेटीवरील कापडास बुरशी येते, नलिकांच्या बैठका गंजतात आणि रोहित्रातील कागदी निरोधन ओल धरते. घर महिनोन्‌महिने बंद राहिल्यास ही हानी वाढते. संच कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेवून अधूनमधून वाजवावा. अमेरिकन संचास दाब उतरविणारे रोहित्र लागते. शिवाय ६० हर्ट्‌झसाठी बनविलेले रोहित्र येथील ५० हर्ट्‌झवर अधिक तापते. नलिकांना ३०० ते ५०० व्होल्ट दाब मिळतो व वीज बंद केल्यावरही धारित्रांत तो टिकून राहतो. म्हणून पेटी जाणकारानेच उघडावी. ध्वनिक्षेपक जोडल्याशिवाय संच चालविल्यास निर्गम रोहित्र जळण्याचा संभव असतो.

दुरुस्ती किती करावी, हा वादाचा विषय आहे. विद्युत् विच्छेद्य धारित्रे काळानुसार सुकतात. ती बदलणे सुरक्षिततेसाठी आवश्यकच असते. मूळ रोहित्रे व ध्वनिक्षेपक मात्र शक्यतो राखावेत, काढलेले भाग जपून ठेवावेत आणि प्रत्येक बदलाची नोंद करावी. भारताचा १९७२ चा पुरावस्तुविषयक कायदा सामान्यतः शंभर वर्षांच्या पुढील वस्तूंना लागू होतो. सर्वांत जुने गिटार विवर्धकही अद्याप त्या वयाचे नाहीत. त्यामुळे त्यांचे रक्षण सर्वस्वी मालकाच्या समजुतीवर अवलंबून आहे. कपाटात बंद ठेवलेला संच दिसायला मूळ स्वरूपात राहील; पण त्याचा ध्वनी हीच त्याची खरी ओळख असल्याने, जपून वाजविला जाणारा विवर्धकच पूर्णार्थाने जतन झाला असे म्हणता येते.