फियाट, पद्मिनी आणि एकच गाडी वीस वर्षे सांभाळणारी पिढी

जुन्या मोटारींचे शौकीन एकत्र जमले की संभाषणाची एक ठरलेली रीत असते. आधी वर्ष, मग मॉडेल, मग गाडीचा नंबर. तीस वर्षांपूर्वी विकलेल्या फियाटचा नंबर साठीतला गृहस्थ क्षणात सांगतो. स्वतःचा मोबाइल नंबर सांगताना मात्र अडखळतो. या स्मरणाला सगळे प्रेम म्हणतात, आणि प्रेम त्यात आहेच. पण त्या प्रेमामागे सरकारी आदेश, लांबलचक प्रतीक्षायादी, कायद्याने ठरवलेली किंमत आणि कुर्ल्यातला एक कारखानाही आहे. आजचा थ्रेड त्या कारखान्यातून निघालेल्या गाडीविषयी. आधी ती फियाट होती, नंतर पद्मिनी झाली.

सुरुवात सोलापूरच्या वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्यापासून करावी लागते. १९१९ मध्ये ‘सिंधिया’ जहाज कंपनी उभी करणाऱ्या आणि १९४० मध्ये बंगळुरूला विमान कारखान्याचा पाया घालणाऱ्या या उद्योजकाला भारतात मोटारही बनवायची होती. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात हाच विषय लावून धरत होते. मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने या योजनेला अनुकूलता दाखवली. पुढे महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश सरकारने मोटार कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग मानण्यास नकार दिला. परक्या कंपन्या सुटे भाग आणून इथे गाड्या जोडत होत्या. जनरल मोटर्सचा असा कारखाना १९२८ पासून शिवडीत चालू होता. जोडणीला सरकारची हरकत नव्हती. अडचण होती ती इथल्या माणसाने गाडी घडवण्याची.

तरीही १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ची नोंदणी झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या मात्र अमेरिकन होत्या. क्रायस्लरशी झालेल्या करारानुसार तिथे डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या जात. प्रशस्त, पेट्रोल पिणाऱ्या, श्रीमंतांच्या गाड्या. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने इटलीच्या फियाटशी हातमिळवणी केली आणि छोट्या गाड्यांकडे मोर्चा वळवला.

या निर्णयाची वेळ नेमकी साधली गेली. १९५३ च्या टॅरिफ आयोगाच्या अहवालानंतर सरकारने धोरण पक्के केले. ज्यांच्याकडे इथे टप्प्याटप्प्याने संपूर्ण गाडी बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनी राहावे, नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. नंतरची जवळजवळ तीन दशके भारतातील मोटारीची बाजारपेठ तीन नावांत सामावली: कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची फियाट.

मुंबई-पुण्याच्या जुन्या लोकांना जी ‘डुक्कर फियाट’ आठवते ती या काळातली. गोल पाठ, फुगीर बाजू, पुढे आलेले नाक. नाव कोणी ठेवले याचा शोध घेण्यात अर्थ नाही. अशी नावे गल्लीत जन्मतात आणि कंपनीच्या जाहिरातीपेक्षा जास्त टिकतात. या गाडीच्या सुरुवातीच्या प्रतींमध्ये पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत. दार उलटे, म्हणजे आजच्या गाडीच्या विरुद्ध दिशेने उघडे. साडी नेसलेल्या बाईला उतरायला सोपे, आणि चालत्या गाडीत चुकून उघडले तर वाऱ्याने सताड होणारे.

१९६४ पासून भारतात ‘११०० डी’ बनू लागली. कडा काटकोनी झाल्या, मागे छोटे पंख आले, आणि पुढच्या तीन पिढ्यांना ठाऊक असलेली आकृती तयार झाली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. या क्षमतेचे फियाटचे इंजिन पहिल्यांदा आले १९३७ मध्ये, म्हणजे खेर मंत्रिमंडळ सत्तेवर आले त्याच वर्षी. इटलीने ‘११००’ मालिका १९६९ मध्ये बंद केली. कुर्ल्यात मात्र त्याच जातकुळीचे इंजिन विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिले.

असे का झाले, हा या गोष्टीतला कळीचा प्रश्न आहे.

१९५९ मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या वितरण आणि विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. गाडी दुकानात जाऊन घेण्याची वस्तू राहिली नाही. नाव नोंदवायचे, अनामत भरायची आणि थांबायचे. फियाटसाठी हे थांबणे वर्षानुवर्षांचे असे. नवी गाडी हाती आल्यावर ती लगेच विकण्यावरही बंधन होते, कारण नव्या गाडीला बाहेर तिच्या अधिकृत किमतीहून जास्त भाव मिळे. वरच्या या रकमेला मुंबईच्या व्यवहारात ‘ऑन’ म्हणत. वापरलेली वस्तू नव्यापेक्षा महाग, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात अपवाद म्हणून येते. त्या काळच्या मुंबईत ते रोजचे वास्तव होते.

१९६९ मध्ये सरकारने पुढचे पाऊल टाकले आणि गाड्यांच्या विक्रीकिमतीच कायद्याने ठरवून दिल्या. कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. चौकशी आयोग बसला आणि एका मोटारीची किंमत किती असावी याचा हिशेब देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मांडला गेला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार’ हा खटला आजही भेटतो. कुर्ल्याच्या कामगारांच्या वादातून उभा राहिलेला १९७५ चा दुसरा एक निकालही तितकाच महत्त्वाचा आहे. औद्योगिक तंट्यात दिवाणी न्यायालयाचे दार कधी ठोठावता येते, हे त्यात स्पष्ट झाले. एका गाडीने दोन वेगवेगळ्या कायद्यांचा इतिहास घडवल्याची उदाहरणे फारशी नसावीत.

सरकारचीही बाजू होती. परकीय चलन अपुरे होते आणि पोलाद धरणांना, रेल्वेला, कारखान्यांना हवे होते. मोटार ही चैन, हा हिशेब त्या काळात गैर वाटत नसे. पण स्पर्धा नाही, किंमत बांधलेली, आणि गिऱ्हाईक रांगेत उभे. अशा स्थितीत नवे मॉडेल आणण्यासाठी कंपनीने पैसा का घालावा? १९७० च्या दशकात साऱ्या देशात वर्षाला पन्नास हजारही मोटारी बनत नव्हत्या. गाडी बदलली नाही याचा सगळा दोष कारखान्याच्या आळसावर टाकणे म्हणूनच अर्धवट ठरते.

या टंचाईची मोजपट्टी म्हणून एकाच गाडीकडे पाहावे. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःची मोटार नव्हती. शास्त्री कुटुंबीयांनी सांगितल्याप्रमाणे फियाटची किंमत बारा हजार रुपये होती आणि खात्यात होते सात हजार. उरलेल्या पाच हजारांसाठी पंतप्रधानांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज घेतले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला त्यांचे निधन झाले तेव्हा ते फिटलेले नव्हते. पुढे ललिता शास्त्रींनी आपल्या निवृत्तिवेतनातून ते फेडले. ती फियाट आज दिल्लीच्या शास्त्री स्मारकात उभी आहे. तिच्याकडे साधेपणाचे प्रतीक म्हणून बोट दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. पण देशाच्या पंतप्रधानाच्या साठवणीतही जी मावत नव्हती, ती गाडी ‘छोटी’ म्हणवली जात होती, हेही त्याच काचेआड दिसते.

मग ज्याला ती मिळाली त्याने ती कशी सांभाळली असेल? गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत असल्यामुळे पुढे सलग बाक होते, तिथे तिघे बसत. मागे मुलांची मोजदाद कोणी करत नसे. थंडीत चोक ओढून इंजिन जागे करायचे. उन्हाळ्यात खंडाळ्याचा घाट चढताना पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडे. मग बॉनेट उघडायचे, पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवायचे आणि झाडाखाली बसून डबा उघडायचा. बॅटरीने दगा दिला तर धक्का मारायला शेजारी होतेच. दुसरी गाडी घेणे ही शक्यताच नसल्यामुळे मालक दुरुस्ती शिकला आणि ज्याला जमले नाही त्याने मेस्त्रीशी आयुष्यभराचे नाते जोडले. गाड्यांचे शौकीन आज ज्या बारकाव्यांची देवाणघेवाण करतात, त्यांतील बरेचसे ज्ञान असे नाइलाजातून जमा झालेले आहे.

दरम्यान गाडीचे बारसे पुन्हा झाले. फियाटबरोबरचा परवाना संपल्यावर ती काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ होती आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. हे नाव चितोडच्या राणीचे. अल्लाउद्दीन खिलजीने चितोड घेतले १३०३ मध्ये आणि जायसीने ‘पद्मावत’ लिहिले १५४० मध्ये. मधल्या सव्वादोनशेहून अधिक वर्षांमुळे या राणीच्या ऐतिहासिकतेबद्दल अभ्यासक साशंक असतात. गाडीच्या मालकांना त्याचे सोयरसुतक नव्हते. ते तिला फियाटच म्हणत राहिले.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि पद्मिनीचे दिवस भरत आले. प्रीमियरने १९८५ मध्ये निस्सानचे इंजिन बसवलेली ‘११८ एनई’ आणली. नंतर पद्मिनीत डिझेल इंजिन आले, गिअरचा दांडा खाली जमिनीवर आला. डोंबिवलीजवळच्या कारखान्यात प्यूजोबरोबर आणि कुर्ल्यात पुन्हा फियाटबरोबर नव्या गाड्यांचे प्रयोग झाले. कामगार संघर्षाने आणि बदललेल्या बाजाराने त्यांना फार काळ तग धरू दिला नाही. शतक संपता संपता पद्मिनीचे उत्पादन थांबले.

खासगी मालकांनी पद्मिनी सोडली तेव्हा तिला जगवले ते मुंबईच्या टॅक्सीचालकांनी. काळा रंग, पिवळे छप्पर, वर सामानाचे कॅरिअर, बाहेर डाव्या अंगाला लोखंडी मीटर आणि आत दरपत्रक. मीटरवरचा आकडा आणि द्यायचे पैसे यांचा मेळ त्या कागदावर पाहून लावावा लागे. नवख्या प्रवाशाची शहराशी पहिली झटापट बहुधा तिथेच होई. कोलकात्याने टॅक्सीसाठी अँबॅसेडर पसंत केली, मुंबईने फियाट. दाटीच्या शहराला ती रुंदीने सोयीची होती, कारखाना घराजवळ होता आणि कोपऱ्यावरचा कोणताही मेस्त्री ती उघडू शकत होता. कुटुंबाची गाडी रविवारी निघे. टॅक्सी रोज धावे, बहुधा दोन पाळ्यांत, आणि तिच्या चाकांवर गावाकडची घरे चालत.

मुंबईत टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा आहे. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेलेली पद्मिनी ही शेवटची. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिची मुदत संपली. त्याच वर्षी सप्टेंबरात बेस्टच्या जुन्या डिझेलच्या दुमजली बसनेही निरोप घेतला होता. किमान एक काळी-पिवळी पद्मिनी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती.

इथे वारशाच्या व्याख्येचा प्रश्न येतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही खूण. अशी गाडी प्रदर्शनासाठी, रॅलीसाठी किंवा दुरुस्ती आणि इंधनासाठी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. १९७४ ची पहिली पद्मिनी २०२४ मध्ये या दारापर्यंत पोहोचली.

पण नियमात आणखी एक अट आहे: गाडी व्यापारी वापराची नसावी. म्हणजे आठवड्यातून एकदा निघालेली, आच्छादनाखाली झोपलेली पद्मिनी वारसा ठरू शकते. शहराला रोज ओढणारी ठरत नाही. वीस वर्षांची मर्यादा असलेली टॅक्सी पन्नाशी गाठणार तरी कशी, हा प्रश्न वेगळाच. राजवाड्यांच्या रोल्स रॉइस जपल्या गेल्या. बैलगाड्या फारशा कोणी जपल्या नाहीत. संग्रहालयांचा हा जुना पक्षपात इतिहासाच्या विद्यार्थ्यांना नवा नाही.

कुर्ल्यात जिथे या गाड्या बनल्या, तिथून जवळच जुन्या मोटारी तोडण्याचा बाजार आहे. टॅक्सी भंगारात निघाल्या तशी त्यांची दारे, मडगार्ड, हेडलाइटच्या कड्या वेगळ्या होऊन बाजारात आल्या. आपली पद्मिनी पूर्वीसारखी करू पाहणारा शौकीन अशाच बाजारात फिरतो आणि मनासारखे दार सापडले की किंमत फारशी घासत नाही. घरी आणून रंग खरवडला की खाली कधी काळा लागतो, कधी पिवळा.